बळ्ळारीकडचे राखेचे ढिगारे: चार हजार वर्षांपूर्वीचं शेण आणि आपण

तुंगाकाठ

हंपीला जाणारी मराठी मंडळी दर हिवाळ्यात वाढताहेत, म्हणून हा धागा काढते आहे. विठ्ठल मंदिरातला दगडी रथ बघून झाला की बहुतेक जण परत फिरतात. तिथून जवळच निंबापुरम नावाचं खेडं आहे आणि त्याच्यालगत एक राखाडी, खडबडीत उंचवटा. रामाने मारलेल्या वालीचं दहन इथे झालं आणि ही त्याची राख, असं तिथले लोक सांगतात. राख आहे हे अगदी खरं. ती गुरांच्या शेणाची आहे. १३३६ साली विजयनगरची स्थापना झाली तेव्हाच ती तीन हजार वर्षांहून जुनी झालेली होती.

असे ढिगारे एकदोन नाहीत. बळ्ळारी, कोप्पळ, रायचूर, यादगीर, पलीकडे कर्नूल, अनंतपूर आणि तेलंगणातला जुना मेहबूबनगर जिल्हा, या सगळ्या कोरड्या पट्ट्यात मिळून शंभराहून जास्त ठिकाणं नोंदली गेली आहेत. कानडीत त्यांना बूदिगुड्डा म्हणतात, म्हणजे राखेची टेकडी. काही ढिगारे जेमतेम गुडघाभर उरलेत, तर काही दहा मीटरपर्यंत उंच आहेत. बळ्ळारी-होस्पेट रस्त्यावर कुडतिनीजवळ आहे तो त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. त्याची कापलेली बाजू दिसते तिथे थर उघडे पडले आहेत: मऊ करडी राख, मग वितळून घट्ट झालेला खंगरासारखा थर, पुन्हा राख, पुन्हा खंगर. एकदा मोठी आग लागली आणि संपलं, असं हे नाही. शेण साठायचं, पेटायचं, त्यावर पुन्हा साठायचं, पुन्हा पेटायचं. कित्येक पिढ्या हे चाललं.

या ढिगाऱ्यांवर इंग्रजांच्या काळापासून डोकेफोड झाली आहे. मद्रास लष्करातल्या न्यूबोल्ड या अधिकाऱ्याने १८३६ मध्ये टिपण लिहिलं तेव्हा त्याला ही ज्वालामुखीची राख वाटली होती. पुढे कुणी म्हणालं लोखंड गाळायच्या भट्ट्यांचा मळ असेल. विजयनगरचा इतिहास लिहिणाऱ्या रॉबर्ट सूएलने तर विजयनगरच्या काळातल्या मोठ्या सतीदहनांशी त्याचा संबंध जोडला. रॉबर्ट ब्रूस फूट हा भूगर्भशास्त्रज्ञ मात्र वेगळ्या वाटेने गेला. १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला ज्याला अश्मयुगीन हातकुऱ्हाड सापडली तोच हा फूट. त्याला या ढिगाऱ्यांत घासून गुळगुळीत केलेल्या दगडी कुऱ्हाडी आणि धान्य दळायचे दगड मिळाले. त्यावरून त्याने सांगितलं की ही नवाश्मयुगातल्या गुराख्यांची जागा आहे आणि राख शेणाची आहे. प्रयोगशाळेतून त्यावर शिक्कामोर्तब व्हायला १९६० च्या आसपासचा काळ उजाडला.

दक्षिणेतल्या नवाश्मयुगाचा ढोबळ काळ इ.स.पू. ३००० ते इ.स.पू. १२०० असा धरतात, आणि राखेचे ढिगारे त्यातल्या आधीच्या टप्प्यातले. म्हणजे तिकडे सिंधूकाठी हडप्पा, मोहेंजोदडोची पक्क्या विटांची शहरं भरात होती, तेव्हा इकडे कृष्णा-तुंगभद्रेच्या दुआबात माणसं वशिंडाची गुरं राखून होती. दक्षिण भारतात स्थिर वस्ती करून राहिलेल्या सगळ्यात जुन्या माणसांपैकी ही. त्यांनी लेखन ठेवलं नाही, देऊळ बांधलं नाही, तटबंदी घातली नाही. त्यांनी मागे ठेवलेली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे हा ढिगारा.

आणि माझी तळमळ इथेच आहे. देऊळ पडकं असलं तरी माणूस हात जोडतो, निदान थबकतो. राखेचा ढीग बघून कुणी थबकत नाही. राख पिकाला चांगली, म्हणून गाड्याच्या गाड्या भरून ती शेतात गेली. काही ढिगारे रस्त्याच्या भरावात गेले. नेणाऱ्यांना दोष देऊन उपयोग नाही, कारण हे काय आहे ते त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. इथल्या जाणकारांनी भर घालावी. हंपीला जाणाऱ्यांनी वाट जरा वाकडी करून हे बघावं.

निशिगंध

ताई, धागा खूप आवडला. मी दोनदा हंपीला जाऊन आले, पण निंबापुरमचं नावही ऐकलं नव्हतं. एक शंका आहे. चार हजार वर्षांनी राख शेणाची की लाकडाची की माणसांच्या चितेची, हे ठरवतात कसं? आणि शेण वितळून खंगर कसं होईल? आमच्या आजीच्या चुलीत गोवऱ्याच असायच्या, त्यांची राख तर भांडी घासण्याइतकी मऊ पडायची.

भूगर्भ

निशिगंध, प्रश्न नेमका विचारलात. निवृत्तीआधी खनिजांच्या तपासणीतच माझी हयात गेली, म्हणून सांगतो.

गवताच्या पात्यात सिलिका असते. पातं बोटाला कापतं ते तिच्यामुळेच. गाय गवत खाते, बाकीचं पचवते, पण सिलिकेचे सूक्ष्म कण शेणातून जसेच्या तसे बाहेर पडतात. गवतांच्या निरनिराळ्या गटांत या कणांचे आकार निराळे असतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली ते ओळखता येतात. शेण जळलं तरी कण राहतात. शिवाय गुरांच्या आतड्यात तयार होणारे चुनखडीचे अतिसूक्ष्म गोळे असतात. आग फार कडक नसेल तर तेही राखेत टिकतात. चितेच्या राखेत हाडांचं फॉस्फेट आणि हाडांचे तुकडे भरपूर मिळायला हवेत, लोखंडाच्या मळीत लोह भरपूर हवं. या ढिगाऱ्यांत गणित तसं जुळत नाही. फ्रेडरिक झॉयनर या शास्त्रज्ञाने या राखेची तपासणी करून ती गुरांच्या शेणाचीच आहे असं दाखवलं, तेव्हा तो वाद मिटला.

आता खंगराचं. निव्वळ सिलिका वितळायला प्रचंड उष्णता लागते. पण त्याच राखेत पोटॅश आणि सोडा असला की तो वितळणबिंदू खाली ओढतो, काच बनवतानाही हेच तत्त्व वापरतात. चुलीतली एकेक गोवरी उघड्यावर जळते, धग लगेच निघून जाते, म्हणून राख मऊ पडते. इथे काही मीटर जाडीचं वाळलं शेण एकदम पेटलंय. आतली उष्णता बाहेर पडायला वाव नाही, वारा लागतोय, आणि हे तासन् तास चाललंय. अशा ठिकाणी राख वितळून काचेसारखी बनते. निवलेल्या खंगरात फुगे दिसतात, ते आतल्या वायूचे. न्यूबोल्डला ज्वालामुखी आठवला त्यात नवल नाही, हातात घेतलेला तुकडा खरोखर तसाच दिसतो.

माणदेशी

मी शेती करतो, थोडी जनावरं आहेत. वाचून एक गोष्ट डोक्यातून जाईना. शेण जाळून टाकलं? एवढं?

आमच्याकडं धनगराची मेंढरं शेतात बसवायची म्हटली तर अजूनही मोल द्यावं लागतं. जुनी माणसं पायलीनं धान्य द्यायची. एका रात्रीच्या लेंड्या नि मुतावर दोन सालं पीक तरारून येतं. गोठ्यातलं शेण उकिरड्यात टाकायचं, वर्षभर कुजवायचं, मिरगाच्या आधी रानात पसरायचं, हे आमच्या हाडात बसलंय. चुलीपुरत्या गोवऱ्या थापतो, पण सगळंच पेटवून द्यायचं म्हणजे पीक पेटवल्यासारखं. ती माणसं काय अडाणी नव्हती. मग त्यांनी असं का केलं?

एक मात्र अनुभवानं सांगतो. उकिरडा कधीकधी आपोआप धुमसतो. वरून काही दिसत नाही, पण आत हात घालवत नाही. एकदा पेटला की आठ-आठ दिवस विझत नाही.

खापरखुणा

माणदेशी दादा, तुमचा प्रश्न हाच या विषयाचा गाभा आहे. गेली साठेक वर्षं अभ्यासक याच्यावरच भांडताहेत. जरा सविस्तर लिहितो. (पुरातत्त्वाचा विद्यार्थी आहे, पुण्यात.)

पहिलं महत्त्वाचं उत्खनन ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ रेमंड ऑल्चिन यांनी १९५७ मध्ये उतनूरला केलं. हे गाव आजच्या तेलंगणात येतं. राखेचा ढीग थर सोडवत खाली खणत नेला तेव्हा तळाशी आणि मधल्या थरांत खांबांच्या खळग्यांच्या रांगा निघाल्या. ताडाचे बुंधे रोवून कुंपण केलेलं होतं: आत गुरांचा वाडा, त्याच्याभोवती दुसरं कुंपण, आणि मधल्या जागेत माणसांच्या झोपड्या. कुंपण जळायचं, पुन्हा त्याच जागेवर उभं राहायचं. आणि सगळ्यात विलक्षण म्हणजे एका थरात गुरांच्या खुरांचे ठसे जसेच्या तसे मिळाले. ओल्या जमिनीवरून गुरं गेली, वर राख पडली, ठसे झाकले गेले. ढिगारा म्हणजे गुरांचा वाडाच होता, हे याच्यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार?

ऑल्चिन यांचं मत असं की हे चराईच्या हंगामातले तळ होते. शेण पेटवणं हे ठरावीक काळाने, सणासारखं, मुद्दाम केलेलं काम होतं. त्यांनी त्याचा संबंध होळी, दिवाळी, पोंगल यांच्यातल्या अग्नीशी लावला. गुरांच्या आरोग्यासाठी, वाढीसाठी शुद्धीची आग.

दुसरी बाजू आमच्या डेक्कन कॉलेजची, आणि मराठी वाचकांना तिचा अभिमान वाटावा. बेंदापुडी सुब्बाराव यांनी तिथले ज्येष्ठ पुरातत्त्वज्ञ सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली बळ्ळारीजवळ संगनकल्लूला चाळीसच्या दशकात उत्खनन केलं. पुढे के. पद्दय्या यांनी शोरापूर दुआबात, म्हणजे कृष्णा आणि भीमा यांच्या मधल्या पट्ट्यात, अख्खी हयात घालवली. १९६५-६६ मध्ये कोडेकल, आणि १९८९ पासून बरेच हंगाम बुदिहाळ. बुदिहाळचं उत्खनन वेगळं का? तोवरचे बहुतेक खड्डे ढिगाऱ्यातच घेतलेले होते. पद्दय्यांनी ढिगाऱ्याच्या आजूबाजूची जमीन मोठ्या क्षेत्रावर उघडली. तिथे घरं निघाली, चकमकीच्या दगडाची हत्यारं बनवायची जागा निघाली, मडक्यात पुरलेली लहान मुलं निघाली आणि जनावरं कापण्यासाठी वापरलेली एक सपाट जागा निघाली. तिच्यावर गुरांच्या हाडांचे तुकडे आणि दगडी हत्यारं विखुरलेली होती. पद्दय्यांचा निष्कर्ष: हा नुसता हंगामी तळ नव्हे, नांदती वस्ती होती. वाड्यातलं शेण नेमाने एका बाजूला टाकत आणि वेळोवेळी पेटवत. कचऱ्याची व्यवस्था हेच त्याचं पहिलं कारण.

अलीकडचा एक विचार दोन्हींच्या मधला आहे. ढिगारा दुरून दिसतो. पेटला की रात्री कित्येक कोसांवरून दिसत असणार. ज्याच्याकडे गुरं जास्त त्याचा ढीग उंच. मग तो वाढवत नेणं, त्याच जागी पिढ्यान् पिढ्या परत येणं, हेच त्या समाजाचं स्मारक नसेल कशावरून? मला स्वतःला हा विचार पटतो, कारण शेण टाकायचंच असेल तर आसपास पसरून टाकता येतं, एकाच ढिगावर चढवायचे कष्ट कोण घेईल?

आता खताचं. त्यांची शेती अगदी बेताची होती. वनस्पतींच्या अवशेषांवर डोरियन फुलर आणि सहकाऱ्यांनी काम केलं आहे. त्यातून कळतं की ती माणसं कोरड्या रानात आपोआप येणारी भरडधान्यं आणि कुळीथ, मूग ही कडधान्यं पिकवत. बैलगाडी, नांगर यांचा इथे या काळात पुरावा नाही. मुठीएवढ्या जमिनीला किती खत लागणार? आणि शेकड्यांनी गुरं असतील तर शेण किती पडणार? दादा, तुमच्याकडे जमीन जास्त आणि शेण कमी आहे. त्यांच्याकडे उलट होतं.

माणदेशी

हां, हे पटलं. जनावर जास्त आणि रान कमी असलं तर शेण ही अडचणच. पावसाळ्यात एका जागी शंभर जनावर चार महिने उभं करा, गुडघाभर चिखल होतो. मग माशा, गोचीड, खुरात अळ्या. लाळ्या-खुरकूत आली की अख्खा कळप बसतो. आमचे आजोबा रोगाच्या सालात जुना गोठा सोडून जनावरं दुसऱ्या जागी बांधायचे आणि जुन्या जागेवर पाचट पसरून पेटवायचे. औषध नव्हतं तेव्हा आग हेच औषध. त्यांनीही तेच केलं असणार असं माझं मन सांगतं.

पालघरची_लेक

ऑल्चिन यांचं सणाबद्दलचं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला गुरं सजवून, गेरूचे ठसे उमटवून, पेटत्या पेंढ्यावरून उडवतात. म्हैसूरकडे संक्रांतीला हेच करतात, त्याला किच्चू हायिसुवुदु म्हणतात असं एका कानडी मैत्रिणीने सांगितलं होतं. गुरांच्या अंगावरचे किडे-गोचीड जातात असं माझे वडील सांगायचे, आणि आई म्हणायची इडापिडा जाते. होळीत तर आपण शेणाच्या गोवऱ्याच घालतो!

खापरखुणा

@पालघरची_लेक, ही प्रथा ऑल्चिन यांच्या बाजूने नेहमी मांडली जाते आणि ती मोलाचीच आहे. तरी एक सावधगिरी बाळगायला हवी. चार हजार वर्षांचं अंतर एका उडीत ओलांडता येत नाही. मधल्या काळात नांगर आला, लोखंड आलं, धर्म बदलले, माणसं इकडून तिकडे गेली. आजच्या प्रथेवरून एवढंच सांगता येतं की गुरं राखणारा माणूस आगीकडे निव्वळ कचरा जाळायचं साधन म्हणून बघत नाही. तुमच्या वडिलांचं आणि आईचं म्हणणं एकाच वेळी खरं असू शकतं. उतनूरच्या माणसांनाही आरोग्य आणि पूजा यांच्यात आपल्यासारखी भिंत घालायची गरज वाटली नसेल.

कॉर्कवासी

मी बरीच वर्षं आयर्लंडच्या दक्षिणेला राहतो. इकडे जळक्या ढिगाऱ्यांचा वेगळाच प्रकार आहे, तो लिहिल्याशिवाय राहवत नाही. आयरिश भाषेत त्याला फुलख्त फिअ म्हणतात. देशात असे सात हजारांहून जास्त नोंदलेत. इथल्या प्रागैतिहासिक अवशेषांत संख्येने सगळ्यात जास्त हेच. बहुतेक कांस्ययुगातले, साधारण इ.स.पू. १५०० च्या अलीकडचे-पलीकडचे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी आणि शेटलंड बेटांवर आणि इंग्लंडमध्येही आहेत.

यात राख थोडी असते, मुख्य असतात ते आगीने तडकलेले दगड. ओढ्याकाठी किंवा दलदलीजवळ घोड्याच्या नालेच्या आकाराचा हिरवळलेला उंचवटा, आणि मध्ये जमिनीत पुरलेली लाकडी किंवा दगडी कुंडी. दगड विस्तवात लालभडक करायचे, कुंडीतल्या पाण्यात टाकायचे, पाणी उकळायचं. दोनचार वेळा वापरल्यावर दगड फुटतो, तो बाजूला फेकायचा. शेकडो वर्षं फेकलेल्या दगडांचा ढिगारा झाला. १९५० च्या दशकात मायकेल ओकेली या प्राध्यापकांनी कॉर्क परगण्यातल्या बॅलीवोर्नीला हा प्रयोग प्रत्यक्ष करून पाहिला. सुमारे साडेचारशे लिटर पाणी अर्ध्या तासात उकळलं, आणि पेंढ्यात गुंडाळलेली साडेचार किलोची मेंढीची तंगडी पावणेचार तासांत उत्तम शिजली.

वाद इकडेही आहे. मांस शिजवायचं तर ढिगाऱ्यांत हाडं इतकी कमी का? म्हणून कुणी म्हणतं हे वाफेच्या स्नानाचं ठिकाण, कुणी म्हणतं लोकर आणि कातडी कमावायचं. २००७ मध्ये गॉलवेच्या दोन पुरातत्त्वज्ञांनी अशाच कुंडीत बीअर बनवून दाखवली.

पण मला सांगायचं आहे ते संरक्षणाबद्दल. हे ढिगारे दिसायला काहीच नाहीत, गायी त्यांच्यावर चरत असतात. तरी एकेका शेतातल्या ढिगाऱ्याला सरकारी नोंदवहीत क्रमांक आहे आणि नकाशावर खूण आहे. १९९४ च्या कायद्याने असा नियम झाला की नोंदलेल्या जागी काही काम करायचं असेल तर मालकाने दोन महिने आधी लेखी कळवायचं. शेत शेतकऱ्याचंच राहतं, त्याला कुणी हुसकावत नाही. रस्ता बांधताना आधी खणून, नोंदून मगच पुढे जातात, आणि या ढिगाऱ्यांची बरीचशी माहिती तशा रस्त्यांच्या कामांतूनच मिळाली आहे.

सोलापूरकर

आपल्या महाराष्ट्रात असा एखादा राखेचा ढीग आहे का? सोलापूरपासून यादगीर काही फार लांब नाही.

खापरखुणा

नोंदलेले राखेचे ढिगारे कृष्णा-भीमा-तुंगभद्रेच्या दुआबात आणि त्याच्या दक्षिण-पूर्वेलाच आहेत. महाराष्ट्रातली जुनी खेडी ताम्रपाषाणयुगातली: नेवासा, दायमाबाद, इनामगाव. ती थोडी नंतरची आणि शेतीवर जास्त भर असलेली. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खोदाई केली. तिथेही घराच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुलं मिळाली. बुदिहाळमध्येही मुलं मडक्यांतच. म्हणजे दख्खनच्या या दोन टोकांमध्ये काही धागा असावा असं मानायला जागा आहे. पुण्यात डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालय आहे, इनामगावच्या माणसांशी ओळख करून घ्यायची तर तिथे जरूर जा.

आणि बळ्ळारीपर्यंत गेलात तर कुपगल विसरू नका. संगनकल्लूच्या शेजारच्या डोंगरावर काळ्या डोलेराइटच्या शिळांवर वशिंडाच्या बैलांची शेकडो चित्रं ठोकून काढलेली आहेत. काही शिळा दगडाने वाजवल्या की घंटेसारख्या घुमतात, आणि शतकानुशतकं तिथे ठोकल्याच्या वाट्यांसारख्या खुणा आहेत. १८९२ मध्येच त्यांची नोंद झाली होती. तिथल्याच हिरेगुड्डावर त्याच दगडाच्या कुऱ्हाडी घडवायचा मोठा कारखाना होता. या टेकड्यांचं दुर्दैव असं की हाच दगड बांधकामाला उत्तम, त्यामुळे खाणीने बरंच गिळलं.

निशिगंध

खूप शिकायला मिळालं सगळ्यांकडून. तुंगाकाठ ताई, आपल्याकडे कायदा काय म्हणतो? आणि माझ्यासारख्या साध्या माणसाने तिथे गेल्यावर काय करावं, काय करू नये?

तुंगाकाठ

निशिगंध, मला माहीत आहे तेवढं लिहिते.

१९५८ च्या केंद्राच्या कायद्याखाली जी स्मारकं आणि पुरातत्त्वीय जागा राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून घोषित होतात त्यांना संरक्षण मिळतं. देशभरात त्या साडेतीन हजारांहून जास्त आहेत. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम आणि खाणकाम बंद, आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत परवानगीशिवाय काही करता येत नाही. संरक्षित जागेची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. राज्यांचे आपले वेगळे कायदे आणि याद्या आहेत. अडचण अशी की हे सगळं यादीत नाव असलेल्यांना लागू. शंभरावर ढिगाऱ्यांपैकी बरेचसे कुणाच्या तरी शेतात किंवा गायरानात आहेत. यादीत नाव नसलेल्या ढिगाऱ्याभोवती ही १०० मीटरची रेषा नाही. कॉर्कवासींनी आयर्लंडचं सांगितलं ते वाचून मन हळहळलं. निदान प्रत्येक ढिगाऱ्याची सातबाऱ्यासारख्या कागदावर नोंद झाली, तर तलाठ्यापासून ठेकेदारापर्यंत सगळ्यांना कळेल की इथे काहीतरी आहे.

ढिगाऱ्याची किंमत त्याच्या थरांच्या क्रमात आहे. भूगर्भ काकांनी सांगितलेले ते सूक्ष्म कण कोणत्या थरात मिळाले यावरून गुरं कोणत्या ऋतूत काय चरत होती, पाऊस कमी झाला का, वाडा किती वर्षं रिकामा राहिला, हे ठरतं. तीच राख ट्रॉलीत भरली की तिच्यातले कण तसेच राहतात, पण त्यांना विचारायचा प्रश्नच उरत नाही. उतनूरचे ते खुरांचे ठसे फावड्याच्या एका घावात गेले असते.

म्हणून तिथे गेल्यावर ढिगाऱ्याच्या कापलेल्या बाजूवर चढू नका, कडा ढासळते. खंगराचा तुकडा आठवण म्हणून उचलून आणू नका. दगडी कुऱ्हाड किंवा खापर दिसलं तर जागेवरच राहू द्या, फोटो काढा, शेजारी पेन किंवा नाणं ठेवून मोजमाप येईल असा. फोनमध्ये ठिकाणाची खूण घ्या. कुणी राख खणून नेताना दिसलं तर भांडू नका. बहुतेक वेळा तो गरीब शेतकरी असतो आणि त्याच्या वाडवडिलांनीही तेच केलेलं असतं. तारखेसकट फोटो राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या आणि केंद्रीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयाला पाठवा, तालुक्याच्या तहसीलदारांनाही एक प्रत द्या. कानडी येत असेल तर त्या शेतकऱ्याशी बोला. मी दोघातिघांशी बोलले आहे. ही वालीची राख नसून तुमच्यासारख्याच गुरं राखणाऱ्या माणसांची आहे, त्यांची मुलंबाळं इथेच वाढली, असं सांगितलं की ऐकणारा माणूस फावडं बाजूला ठेवून पुढचं विचारायला लागतो. एकाने तर स्वतःहून त्याच्या बांधावर मिळालेला दळायचा दगड आणून दाखवला आणि तो तिथेच परत ठेवला.

माणदेशी

ताई, मार्गशीर्षात आम्ही चार शेतकरी मिळून हंपीला यायचं ठरवतोय. कुडतिनी आणि निंबापुरम दोन्ही बघायचंय, कुपगलही जमलं तर. बळ्ळारीला मुक्काम करावा का होस्पेटला?

तुंगाकाठ

दादा, होस्पेटला करा. निंबापुरम आणि हंपी तिथून जवळ. कुडतिनी आणि कुपगल एका दिवसात बळ्ळारीच्या बाजूने होतील. कुपगलचा डोंगर सकाळी लवकर चढा, ऊन तापलं की काळा दगड पाय ठेवू देत नाही, आणि तिरप्या उन्हातच बैलांची चित्रं नीट उठून दिसतात. येण्याआधी निरोप टाका, मी सोबत येईन.

माणदेशी

नक्की कळवतो. येताना आमच्याकडची हुलग्याची डाळ आणतो.

खापरखुणा

दादा, डिसेंबरच्या सुट्टीत मीही त्या बाजूला असेन. गुरं राखणारी माणसं सोबत असतील तर ते थर बघायला मला फार आवडेल. वाडा कुठे असेल, उतार कुठे, वारा कुठून, हे आम्ही पुस्तकातून शिकतो, तुम्ही नुसतं बघून सांगाल.